देशाच्या नाक्यावरची जकात



टेंभी नाक्यावर उभे राहून जकातीवर बोलायचे, हे तसे ओघानेच आले. नाका म्हणजे माल अडवण्याची जागा. मुलुंडच्या चेकनाक्यावर ट्रकांच्या रांगा लागत, ड्रायव्हर खाली उतरून बिडी ओढीत बसलेले असत आणि पावती फाडल्याखेरीज बांबू वर जात नसे, हे तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिले आहे. २०१७ च्या जुलैत वस्तू व सेवा कर आला आणि मुंबईची ती जकात संपली. पण देशाचा नाका आहे तेथेच आहे. आपल्याला सर्वांत जवळचा नाका न्हावा-शेवा बंदराचा. तेथला बांबू कोणासाठी वर जातो आणि कोणासाठी खाली येतो, एवढाच आजचा माझा विषय.

प्रथम एक खुलासा करतो. मी अर्थशास्त्राचा पदवीधर नव्हे. नववीनंतर शाळा सुटली. वागळे इस्टेटीत लेथवर हाताखालचा मदतनीस म्हणून लागलो आणि पुढे युनियनच्या कामात पडलो. जे काही वाचले ते येथल्या मराठी ग्रंथसंग्रहालयात आणि दुसऱ्या पाळीनंतर. तेव्हा माझ्या बोलण्यात शास्त्रीय परिभाषा कमी आढळेल. हिशेब मात्र आढळेल. पगारवाढीच्या करारावर सह्या करता करता माणूस हिशेब शिकतोच.

आयातकराला दोन कामे असतात. एक, सरकारच्या तिजोरीत पैसा घालणे. दुसरे, देशातील कारखान्याभोवती कुंपण घालणे. ही दोन्ही कामे एकच कर करतो, पण ती एकमेकांच्या विरुद्ध आहेत, हे सहसा कोणी सांगत नाही. कुंपण पक्के असेल तर बाहेरचा माल येणारच नाही, मग तिजोरीत काय पडणार? आणि तिजोरी भरत असेल, तर माल येतो आहे, म्हणजे कुंपणाला भगदाड आहे. अर्थमंत्री कोणत्या हेतूने कर लावतो आहे हे ओळखण्याची ही सोपी खूण आहे.

इंग्रजांनी तिसराच एक प्रकार करून दाखवला. १८९४ साली हिंदुस्थान सरकारला पैशाची टंचाई पडली, म्हणून बाहेरून येणाऱ्या मालावर शेकडा पाच आयातकर बसला. मॅंचेस्टरच्या कापडावर तो बसताच लॅंकेशायरात ओरड झाली, की यामुळे मुंबईच्या गिरण्यांना संरक्षण मिळते. उपाय काय निघाला? १८९६ मध्ये विलायती कापडावरचा कर साडेतीन टक्के केला, आणि आपल्याच गिरण्यांत विणलेल्या कापडावर तितकाच, साडेतीन टक्के उत्पादनकर बसवला. म्हणजे कुंपण घालायचे आणि आतल्या झाडाचीही तेवढीच छाटणी करायची! हा कर तीस वर्षे टिकला. त्याविरुद्ध मुंबईचे गिरणीमालक बोलत होते, पुण्याचे पुढारी बोलत होते. राष्ट्रीय सभेच्या अधिवेशनांत ठराव होत होते. पण तो उठला कसा, ती हकीकत कामगारांच्या इतिहासात आहे आणि ती जरा सविस्तर सांगण्यासारखी आहे.

पहिल्या महायुद्धानंतरची तेजी ओसरली, जपानचे सूत आणि कापड बाजारात येऊ लागले. मालकांनी १९२५ च्या सप्टेंबरपासून मजुरीत शेकडा साडेअकरा कपात जाहीर केली. सुमारे दीड लाख गिरणीकामगार बाहेर पडले. मालक म्हणाले, सरकार उत्पादनकर काढील तर आम्ही कपात काढू. जणू कामगाराचे पोट हे मालक आणि सरकार यांच्यामधल्या दोरीची गाठ होती! पण झाले तसेच. अडीच-तीन महिने संप चालला. नारायण मल्हार जोशींसारख्या माणसांनी तो निभावून नेला. पुष्कळ कामगार कोकणात आणि देशावर आपापल्या गावी गेले. १ डिसेंबर १९२५ रोजी सरकारने उत्पादनकर तहकूब केला, कपात मागे घेतली गेली आणि गिरण्यांचे भोंगे पुन्हा वाजले. पुढच्या वर्षी तो कर कायद्यानेच गेला.

तीस वर्षांचे अर्ज आणि ठराव यांनी जे झाले नाही ते उपाशी राहिलेल्या माणसांनी तीन महिन्यांत केले. फायदा मात्र मालकांना कायमचा झाला आणि कामगारांना फक्त पूर्वीचा पगार परत मिळाला. अवघ्या तीन वर्षांत, १९२८ साली, त्याहून मोठा संप करावा लागला. जकातीच्या लढाईत कामगाराला पुढे घालतात आणि वाटणीच्या वेळी तो दाराबाहेर असतो, असे मी म्हणतो ते यावरून.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. नाहीतर संरक्षण म्हटले की सगळे भलेच, असा तुमचा समज व्हायचा. १९३० साली कापडाला संरक्षण देण्याचा कायदा झाला: विलायती कापडावर पंधरा टक्के, इतर देशांच्या कापडावर वीस टक्के. जपानने आपल्या येनची किंमत घसरू दिली, कापड आणखी स्वस्त झाले. येथला कर वाढत वाढत १९३३ च्या जूनमध्ये पंचाहत्तर टक्क्यांवर गेला. मुंबईच्या गिरणगावात समाधान झाले. पण जपानी गिरण्यांनी काय केले? त्यांनी हिंदुस्थानचा कापूस घेणे थांबवले. आता हा कापूस कोणाचा? वऱ्हाडचा, खानदेशचा, पंजाबचा. गिरणी वाचवायला लावलेली जकात अकोल्याच्या आणि जळगावच्या शेतकऱ्याच्या मानेवर बसली. शेवटी १९३४ च्या जानेवारीत तडजोड झाली: कर पन्नास टक्क्यांवर आणायचा, जपानने वर्षाला दहा लाख गासड्या कापूस घ्यावा, बदल्यात साडेबत्तीस कोटी यार्ड कापड आणावे. कापसाची खरेदी वाढली तर कापडाचा कोटाही काही मर्यादेपर्यंत वाढायचा.

मी तरुण असताना आपल्या कारखान्यावरचे कुंपण उंच होते. १९९१ पूर्वी काही मालावर तीनशे टक्क्यांच्याही वर आयातकर होता. त्या वर्षीच्या जुलैच्या अर्थसंकल्पात कमाल दर दीडशेवर आणला. २००७ साली शेती सोडून इतर बहुतेक मालावरचा कमाल दर दहा टक्के झाला. १ एप्रिल २००१ रोजी उरलेली परिमाणात्मक बंधनेही गेली, म्हणजे परवान्याशिवाय आणता येत नाही असा माल फारच थोडा उरला. भिंत दहा-पंधरा वर्षांत कंबरेइतकी झाली. वागळे इस्टेटीत याचा अर्थ आम्हाला कोणी व्याख्यान देऊन सांगितला नाही. आम्ही जे नट आणि व्हॉल्व्ह करीत होतो तसेच नट आणि व्हॉल्व्ह एके दिवशी खोक्यातून आले, आणि मालकाने टेबलावर ठेवून म्हटले, "हे बघा, हे आपल्या कच्च्या मालाच्या भावात पडते."

आता तो माल इतका स्वस्त का? येथे कायद्याचा प्रश्न सुरू होतो. एखादा देश खरोखरच कमी खर्चात माल करीत असेल, तर त्यात अन्याय काही नाही. पण आपल्या घरी शंभराला विकायचे आणि दुसऱ्याच्या घरी ऐंशीला ओतायचे, याला व्यापारी भाषेत डंपिंग म्हणतात. त्याविरुद्ध पहिला कायदा कॅनडाने १९०४ मध्ये केला. १९४७ च्या जकात आणि व्यापार विषयक सर्वसाधारण करारात, म्हणजे गॅटमध्ये, सहावे कलम त्यासाठी घातले गेले. भारत त्या कराराच्या मूळ सभासदांपैकी आहे. १९९५ च्या १ जानेवारीला जागतिक व्यापार संघटना आली तेव्हा त्याचा सविस्तर करार झाला. आपल्याकडे १९७५ च्या सीमाशुल्क दर अधिनियमात ९अ हे कलम आहे, आणि १९९५ चे नियम आहेत. भारताने पहिली चौकशी १९९२ साली केली, ती पीव्हीसीची; ज्याचे पाइप आणि वायरींची आवरणे होतात तेच.

हिशेब कसा करतात ते पाहू. समजा, परदेशी कारखाना आपले सूत स्वतःच्या देशात किलोला शंभर रुपयांना विकतो आणि भारताला ऐंशीला देतो. फरक वीस रुपयांचा, म्हणजे निर्यातीच्या भावावर पंचवीस टक्के. हा झाला डंपिंगचा फरक. तो दोन टक्क्यांच्या आत असेल तर चौकशी तेथेच बंद. एवढ्यावर कर लागत नाही. येथल्या कारखान्याचे नुकसान झाले आहे, आणि ते याच मालामुळे झाले आहे, दुसऱ्या कारणाने नव्हे, हे दाखवावे लागते. मग अधिकारी दुसरा हिशेब करतात: आपल्या कारखान्याला खर्च आणि रास्त नफा धरून कोणता भाव मिळायला हवा? समजा, शंभर. परदेशी सूत साधा आयातकर भरून बंदरात अठ्ठ्याऐंशीला पडते. फरक बारा. आता वीस आणि बारा यांतला जो लहान आकडा, तेवढाच कर बसतो. म्हणजे बारा. जागतिक करार हे सक्तीचे करीत नाही, पण भारताने हा लहान आकड्याचा नियम आपल्या कायद्यात ठेवला आहे. हा कर सर्वसाधारणपणे पाच वर्षांचा, पुढे फेरतपासणी.

चीनच्या बाबतीत गुंता आणखी वाढतो. तेथले भाव बाजाराने ठरत नाहीत असे मानले, तर त्यांच्या घरचा शंभराचा भाव कोण खरा धरील? चीन २००१ च्या डिसेंबरात जागतिक व्यापार संघटनेत आला तेव्हा पंधरा वर्षांपर्यंत दुसऱ्या देशाच्या भावाचा आधार घेण्याची मुभा त्याच्या प्रवेशपत्रातच लिहिली होती. ती मुदत २०१६ मध्ये संपली की नाही, यावर चीनने युरोपविरुद्ध तक्रार केली; ती २०२० मध्ये निकाल न लागताच संपली. वाद तेथेच लोंबकळत राहिला.

हिशेबात लबाडी कशी होते याचे उदाहरण मात्र आपल्याच मालाचे आहे. १९९७ मध्ये युरोपने भारतीय सुती चादरींवर डंपिंगविरोधी कर बसवला. त्यांची पद्धत अशी. समजा, लहान आणि मोठी अशा दोन चादरी, दोहोंचा घरचा भाव शंभर. लहान नव्वदला निर्यात केली, दहा रुपये कमी. मोठी एकशेदहाला केली, दहा रुपये जास्त. कोणीही शहाणा वाणी म्हणेल, हिशेब बरोबर झाला, फरक शून्य. युरोपचे अधिकारी म्हणाले, लहान चादरीचे दहा रुपये धरू. मोठ्या चादरीचे जास्तीचे दहा मात्र शून्य समजू. झाले, डंपिंग सिद्ध! भारताने जिनिव्हाला दाद मागितली आणि २००१ च्या मार्चमध्ये अपील मंडळाने ही पद्धत बेकायदेशीर ठरवली. गरीब देशाच्या वकिलांनी मोठ्या व्यापारी संघाला साध्या बेरजेत हरवले, याचा मला आजही आनंद होतो.

ते अपील मंडळ आज बंद पडल्यासारखे आहे. अमेरिकेने नव्या सभासदांच्या नेमणुका अडवल्या, आणि डिसेंबर २०१९ पासून खटला ऐकायला पुरेसे सभासदच उरले नाहीत. तेव्हापासून हरलेला पक्ष अपील करतो आणि प्रकरण हवेत राहते. यात आपण अगदीच धुतल्या तांदळासारखे नाही. उसाच्या किमान भावाबद्दल आणि साखरेच्या अनुदानाबद्दल ब्राझील, ऑस्ट्रेलिया आणि ग्वाटेमाला यांनी केलेल्या तक्रारीत २०२१ च्या डिसेंबरात आपल्याविरुद्ध निर्णय झाला. आपण त्याच रिकाम्या कोर्टात अपील केले. कोल्हापूरच्या शेतकऱ्याच्या दृष्टीने ते बरेच झाले. पण कोर्ट बंद असण्याचा तोटा २०२५ मध्ये कळला. अमेरिकेने त्या वर्षी ७ ऑगस्टला भारतीय मालावर पंचवीस टक्के जादा कर लावला आणि २७ ऑगस्टला आणखी पंचवीस. ना चौकशी, ना नुकसानीचा हिशेब, ना लहान आकड्याचा नियम. सोलापूरच्या टॉवेलापासून सीप्झच्या दागिन्यांपर्यंत सगळ्यांच्या ऑर्डरींची घालमेल झाली. कायदा कितीही किचकट असो, त्याच्याशिवाय काय होते हे तेव्हा दिसले.

आता मी घराजवळ येतो. शहाडला रेयॉनचा कारखाना आहे; पाताळगंगेच्या काठी पॉलिएस्टरचा कच्चा माल होतो, ज्याला पीटीए म्हणतात; आणि भिवंडी आहे, जेथे यंत्रमागांचा खडखडाट रात्रीही थांबत नाही. एकाचा पक्का माल तो दुसऱ्याचा कच्चा माल. पीटीएवर डंपिंगविरोधी कर लावला की तो करणारा कारखाना सुखावतो, सूत कातणारा कण्हतो आणि सुताचा भाव वाढल्यामुळे भिवंडीचा मागवाला ओरडतो. हा कर परदेशी कारखानदार भरीत नाही. येथला आयातदार भरतो आणि पुढे ढकलतो. मागवाल्याला कापडाचा भाव वाढवता आला नाही तर तो कोणाच्या मजुरीतून काढील, हे भिवंडीत राहणाऱ्याला सांगायला नको. १ फेब्रुवारी २०२० च्या अर्थसंकल्पी भाषणात पीटीएवरचा कर सार्वजनिक हितासाठी काढल्याचे जाहीर झाले. व्हिस्कोसच्या आखूड तंतूवरचा कर २०२१ च्या ऑगस्टमध्ये गेला. मग दाराला दुसरी कडी आली: मानक ब्यूरोच्या शिक्क्याची सक्ती. शिक्का नाही तर माल आत नाही. पॉलिएस्टरच्या पुष्कळ मालावरची ती सक्तीही नोव्हेंबर २०२५ मध्ये उठवली गेली.

मला लोक विचारतात, "तुम्ही युनियनवाले कोणाच्या बाजूचे? शहाडच्या की भिवंडीच्या?" प्रश्न अवघड आहे. रेयॉनच्या कारखान्यातला कायम कामगार भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी आणि युनियन असलेला. मागावरचा कामगार बहुधा उत्तरेतून किंवा तेलंगणातून आलेला, मीटरवर मजुरी घेणारा, हजेरीपुस्तकात नाव नसलेला. पहिल्याची नोकरी वाचवताना दुसऱ्याची मजुरी घटणार असेल तर मी डोळे झाकून कुंपणाच्या बाजूने हात वर करणार नाही. माझे मत असे, की कर लावावा, पण अटीने. ज्या कारखान्याला पाच वर्षांचे संरक्षण मिळते त्याने पाच वर्षे कामगार कमी करू नयेत आणि कायम कामगारांच्या जागी कंत्राटी भरू नयेत, असे त्याच राजपत्रात लिहावे. आज असे काही लिहिले जात नाही. कर देशाच्या कायद्याने मिळतो आणि कामगारकपात मालकाच्या मर्जीने होते.

कोणी म्हणेल, व्यापार आणि मजुरांचे कायदे यांची सांगड घालणे हे श्रीमंत देशांचे कारस्थान आहे. त्यात तथ्य आहे. १९९६ साली सिंगापूरच्या परिषदेत भारताने हेच म्हटले, आणि कामगार-मानके हा विषय आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेकडे सोपवला गेला. पण याच ठाण्यात १८४८ साली जन्मलेल्या नारायण मेघाजी लोखंड्यांची आठवण करा. हिंदुस्थानातल्या गिरण्यांना फॅक्टरी ॲक्ट लागू करा, ही मागणी लॅंकेशायरचे मालकही करीत होते, आणि ती काही आपल्या कामगारांच्या कळवळ्याने नव्हे. आमचा माल महाग व्हावा म्हणून. आपले पुष्कळ देशभक्त त्या कायद्याच्या विरुद्ध गेले. लोखंडे मात्र हजारो कामगारांच्या सभा घेऊन आठवड्याची सुट्टी मागत राहिले, आणि १८९० च्या जूनमध्ये रविवारची सुट्टी मुंबईच्या मालकांनी कबूल केली. मॅंचेस्टरचा हेतू मॅंचेस्टरपाशी राहिला; रविवार आपल्याला मिळाला.

शेवटी चौकशीच्या दालनाकडे वळू. दिल्लीत हे काम २०१८ पासून व्यापार-उपाय महासंचालनालय करते. अर्ज उत्पादकांनी करायचा. अर्जदारांचे उत्पादन देशातल्या एकूण उत्पादनाच्या निदान पंचवीस टक्के हवे. चौकशीला बारा महिने, वाढवून अठरा. महासंचालनालय फक्त शिफारस करते. कर बसवायचा की नाही ते अर्थखाते ठरवते, आणि २०२० नंतर कित्येक शिफारशी त्याने स्वीकारल्या नाहीत. तोवर कामगाराने काय करायचे? नुकसानीच्या तक्त्यात विक्री, नफा, साठा यांच्याबरोबर रोजगार आणि मजुरी हेही रकाने आहेत. ते जागतिक करारातच आहेत. पण ते भरतो कोण? मालक. नियमांत हितसंबंधी पक्षांची यादी आहे: निर्यातदार, आयातदार, परदेशी सरकार, येथला उत्पादक, त्यांच्या व्यापारी संस्था. मालाचे औद्योगिक वापरदार आणि ग्राहकसंघटना यांनाही म्हणणे मांडायची संधी आहे. कामगारसंघटनेचे नाव त्या यादीत नाही. अमेरिकेत पोलाद कामगारांची युनियन स्वतः अर्जदार म्हणून उभी राहते. जागतिक कराराच्या एका तळटीपेत, काही देशांत कामगार किंवा त्यांचे प्रतिनिधी असा अर्ज करतात हे मान्यही केले आहे. येथे आम्ही प्रेक्षक.

एका प्रकरणात हे मी स्वतः पाहिले. कारखान्याचे नाव सांगत नाही. अर्जाची जी प्रत उघड करण्यात आली होती, तीत रोजगाराचे आकडे निर्देशांकात होते: पहिल्या वर्षी शंभर, मग अठ्ठ्याण्णव, मग सत्त्याण्णव. वाचणाऱ्याला वाटावे, तीनच टक्के घट, फारसे काही झाले नाही. मी हजेरीची जुनी पत्रके काढली. त्याच तीन वर्षांत पॅकिंग आणि लोडिंगमधले दोन ठेकेदारांचे सर्व कामगार घरी गेले होते, ऐंशीच्यावर माणसे. ती कोणत्याच रकान्यात नव्हती, कारण ती ठेकेदाराची. त्यांतले एक गृहस्थ सध्या जांभळी नाक्यावर भाजीची हातगाडी लावतात. मी त्यांना तो कागद दाखवला. ते म्हणाले, "साहेब, मी यात शंभरात होतो की सत्त्याण्णवात?"

आम्ही पत्र लिहिले, पत्रके जोडली, पोच मागितली. पोच आली. अंतिम निष्कर्षाच्या छापील प्रतीत आमच्या पत्राचा उल्लेख सापडला नाही. यापुढे प्रत्येक प्रकरणात असे पत्र जाईल, असे आमच्या कार्यकारिणीने ठरवले आहे, आणि नियमांच्या त्या यादीत कामगारसंघटनेचे नाव घालावे अशी मागणी वाणिज्य मंत्रालयाकडे केली आहे. या सभेत ज्यांनी ठेकेदाराकडे रसायन, सूत, टायर किंवा पोलादाच्या कारखान्यांत काम केले असेल त्यांना एवढीच विनंती, की जुनी पगारपत्रके, गेटपास, निधीच्या चिठ्ठ्या फेकून देऊ नका. त्यांच्या प्रती काढून आमच्या कचेरीत आणून द्या. रविवारी सकाळी दहा ते एक कोणीतरी बसलेले असते.